नालबंदी आधी, स्वारी नंतर

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवजयंतीला पाय ठेवायला जागा नसते. 2022 च्या शिवजयंतीच्या तोंडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा इथे उंच चौथऱ्यावर नव्यानं उभा राहिला. मोर्चा असो की मिरवणूक, शहराचे पाय याच चौकाकडे वळतात. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र या जागेचं आणखी एक नाव आहे: काळा चबुतरा. 1857 च्या जूनमध्ये छावणीतल्या ज्या घोडेस्वारांनी कंपनी सरकारचा हुकूम मोडला, त्यांना इथे मृत्युदंड दिला गेला, अशी शहराची आठवण आहे. चौकाच्या नावातली क्रांती ती.

हे स्वार पोटासाठी काय करत होते, हे फारसं सांगितलं जात नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या पहिल्या रिसाल्यातले ते शिलेदार आणि त्यांचे बारगीर होते. शिलेदार म्हणजे ‘सिलाह’, अर्थात हत्यार बाळगणारा. घोडा त्याचा, खोगीर त्याचं, तलवार आणि भाला त्याचा. धनी फक्त पगार देणार. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे आणि स्वारीपुरता मोबदला घेई. या दोन शब्दांत दख्खनच्या लष्करी बाजाराचे दोन थर आहेत.

आज घरी बसून कोणाचं संकेतस्थळ बांधणारा, कोणाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करणारा, कोणाच्या लग्नाचे फोटो काढणारा स्वतःला फ्रीलान्सर म्हणवतो. हा इंग्रजी शब्दसुद्धा घोड्यावरूनच उतरला आहे. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी 1819 च्या अखेरीस आली. तिच्यातल्या एका सरदाराकडे पैसे देईल त्याच्यासाठी लढणाऱ्या भालाईतांची टोळी आहे आणि तिला स्कॉटनं ‘फ्री लान्सेस’ म्हटलं, म्हणजे कोणाला कायमचे न बांधलेले भाले. स्कॉटला हे लोक मध्ययुगीन युरोपच्या कहाण्यांत शोधावे लागले. तो लिहीत होता त्या वर्षी आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि गावोगावी जिवंत शिलेदार नवा धनी शोधत होते.

धनी शोधणं हीच या धंद्यातली सर्वांत अवघड विद्या होती. शिलेदाराचं सगळं भांडवल चार पायांवर उभं असे. घोडं विकत घ्यायला घरचे दागिने मोडलेले असत किंवा सावकाराकडून कर्ज काढलेलं असे. मोहिमेत चंदीचा भाव चढला, घोड्याला कुरकुरी झाली, नदी उतरताना पाय मुरगळला, तरी तोटा त्याचा. ऐपतदार शिलेदाराकडे चार-पाच घोडी असत आणि त्यांवर त्यानं बारगीर बसवलेले असत. धन्यानं त्याचा पगार अडवला तरी बारगिरांना पोसणं त्याला चुकत नसे. म्हणून वाईट धनी म्हणजे एका हंगामाचं नुकसान एवढ्यावर भागत नव्हतं. घोडं गेलं की शिलेदाराचा बारगीर होई आणि बहुतेक वेळा पुन्हा वर येत नसे.

त्यामुळे स्वारीला निघण्याआधीच्या बोलण्याला फार महत्त्व होतं, आणि त्या बोलण्याची एक पक्की भाषा मराठीत तयार झाली होती. पहिला शब्द नालबंदी. शब्दशः अर्थ घोड्याला नाल ठोकणं. व्यवहारात अर्थ, स्वारीआधी शिलेदाराच्या हातात पडणारी आगाऊ रक्कम. तिच्यातून नाल, खोगीर, मोडकी हत्यारं आणि घरच्यांच्या दाण्यागोट्याची सोय व्हायची. दुसरा शब्द रोजमुरा, म्हणजे मोहीम चालू असताना पोटापुरता मिळणारा खर्च. तिसरा शब्द वरात. ही लग्नाची वरात नव्हे. अमुक महालाच्या वसुलातून अमुक शिलेदाराला इतके रुपये द्यावेत, असा लेखी हुकूम म्हणजे वरात. कागद खरा, शिक्का खरा. पण त्या महालाचा वसूल गोळा करणाऱ्या कमाविसदाराकडे शिल्लक आहे का, आणि त्याच वसुलावर आधीच किती वराती निघाल्या आहेत, हे तो कागद सांगत नसे.

अनुभवी शिलेदार याच तीन शब्दांवरून माणूस ओळखी. नालबंदी रोख देणारा धनी मोहिमेची तयारी करून बसलेला असे. नालबंदीच्या ठिकाणी लुटीतल्या वाट्याचं आश्वासन देणाऱ्याची तिजोरी रिकामी आहे, हे न बोलता कळे. त्याखेरीज हजिरीची वही असे. तिच्यात स्वाराची चेहरेपट्टी आणि घोड्याचा रंग, खुणा, किंमत लिहिलेली असे. ही नोंद धन्याच्या सोयीची तशी शिलेदाराच्याही: घोडं लढाईत पडलं तर भरपाई कशाची मागायची, याचा तोच पुरावा. इटलीतल्या भाडोत्री सेनानायकांच्या करारातही मेलेल्या घोड्याच्या भरपाईचं कलम असे. त्या सेनानायकांना ‘कोन्दोत्तिएरी’ म्हणत, आणि हे नावच ‘कोन्दोत्ता’, म्हणजे करार, या शब्दावरून पडलं. दोन्हीकडे प्रश्न तोच होता: काम तुझं, पण हत्यार माझं मोडलं तर?

क्रांती चौकापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे आणि दौलताबाद त्याच्या निम्म्या वाटेवर. या एका रस्त्यावर वाईट धन्याचे किती प्रकार असतात, ते सगळे पाहायला मिळतात. वेरूळचे भोसले स्वतःच्या बळावर वर आलेलं घराणं. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीतलं बडं प्रस्थ. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजच्या शहराचा पाया घातला, तेव्हा त्याच्या लष्कराचा कणा असेच मराठा सरदार आणि त्यांच्यामागचे शिलेदार होते. त्यांच्या बळावर त्यानं मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवलं. पण धनी बदलला की नातं बदलतं. 1629 मध्ये निजामशहानं लखुजींना दौलताबादेत दरबारात बोलावलं आणि मुलांसह दगा देऊन मारलं. ज्याच्या घरी भेटीला जाताना हत्यार बाहेर ठेवावं लागतं, त्याच्याविषयी आधी किती माहिती काढायला हवी, याचा याहून जबर दाखला दख्खनच्या इतिहासात सापडणार नाही.

त्यानंतर लखुजींचे जावई शहाजीराजे मोगलांकडे गेले. तिथे घात झाला तो तलवारीनं नव्हे, कागदानं. 1632 मध्ये मलिक अंबरचा मुलगा फतेखान मोगलांना येऊन मिळाला, आणि शहाजींना आधी दिलेला मुलूख शाहजहाननं फतेखानाला देऊन टाकला. ठरलेला मोबदला एका शब्दात दुसऱ्याच्या नावावर गेला. शहाजींनी तक्रार करत बसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी मोगलांची चाकरी सोडली आणि स्वतःच निजामशाहीचा वारस गादीवर बसवून कारभार हाती घेतला. करार मोडल्याची पहिली खूण दिसताच निघून जाण्याची ही तयारी त्यांच्याकडे होती, कारण फौज त्यांची स्वतःची होती.

मोगलांच्या दख्खनेत पुढे कागद आणि पैसा यांतलं अंतर इतकं वाढलं, की त्यासाठी रीतसर हिशेबपद्धत निघाली. मनसबदाराचा पगार कागदावर बारा महिन्यांचा असे. प्रत्यक्षात जहागिरीचं उत्पन्न कुणाला आठ महिन्यांइतकं, कुणाला सहा, कुणाला चारच महिन्यांइतकं मिळे. दख्खनेतल्या ओसाड जहागिरींची अवस्था सर्वांत वाईट. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात तर मनसब मिळाली तरी जहागीर मिळेना. लोक वर्षानुवर्षे ताटकळले. भीमसेन सक्सेना हा याच शहरात वाढलेला कारकून. त्यानं ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ या आपल्या फारसी आठवणींत जहागीरदारांची बेभरवशाची स्थिती लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षी जहागीर आपल्याकडे राहील याची खात्री नसल्यामुळे त्यांचे कारभारी रयतेला पिळून काढत. वरून आलेली थकबाकी अशी शेवटी नांगरापर्यंत पोचे.

याच पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांची व्यवस्था पाहावी लागते. कृष्णाजी अनंत सभासदानं बखरीत लष्कराचं जे वर्णन दिलं, त्यात पागा आणि शिलेदार असे दोन भाग आहेत. पागेची घोडी सरकारची, स्वार बारगीर. महाराजांनी भर पागेवर दिला आणि शिलेदारांना पागेच्या अंमलाखाली ठेवलं. स्वारीला निघताना आणि परत येताना प्रत्येकाच्या मालमत्तेची झडती होई, हिशेब होई आणि पगार चुकता केला जाई. वतनं आणि मोकासे तोडून देण्यापेक्षा रोख आणि वराती यांवर कारभार चालवला. शिलेदाराच्या बाजूनं पाहिलं तर यात त्याची मोकळीक कमी झाली. पण मोबदला कधी, किती आणि कोणाकडून मिळणार, हे कळू लागलं. पुष्कळ शिलेदारांना हा सौदा पटला.

मोठ्या मनाचा धनीसुद्धा पैसे थकवू शकतो, हे मात्र पेशवाईनं दाखवलं. 1728 च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांनी वैजापूरजवळ पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं. त्या धावपळीच्या मोहिमेचा जीव शिलेदारांच्या घोड्यांत होता. तेच बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात कर्जापायी आपण नरकात पडल्याचं सांगतात. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशी त्यांची तक्रार आहे. या धन्याची दानत चांगली होती आणि त्याचा पराक्रम तर निर्विवादच. फक्त मोहिमेचा खर्च पुढच्या मोहिमेच्या वसुलावर टाकला होता. अशा धन्याकडे काम करणाऱ्याला त्याच्या स्वभावाबरोबर त्याचा जमाखर्चही ठाऊक असावा लागतो.

थकलेला पैसा वसूल करण्याची एक रीत होती: धरणं. शिलेदार धन्याच्या तंबूच्या दारात बसून राही. तो जेवत नसे आणि धन्यालाही जेवू देत नसे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत 1809 मध्ये राहिलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याच्या पत्रांत या तगाद्याची आणि धरण्यांची वर्णनं आहेत. या रीतीचं बळ शस्त्रात नव्हतं, लोकलाजेत होतं. सगळी छावणी पाहत असे की धन्याच्या दारात उपाशी माणूस बसला आहे. पुढे इंग्रजी कायद्यानं तीही वाट बंद केली. 1860 च्या भारतीय दंड विधानात कलम 508 खाली दैवी कोपाची भीती घालणं गुन्हा ठरलं, आणि त्याचं पहिलं उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूसच दिला होता.

तगाद्याला हिंसेचं वळणही लागे. 30 ऑगस्ट 1773 रोजी गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचं निमित्त सांगत, आणि त्या दिवशी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारस्थान दुसऱ्यांचं होतं. पण पगारासाठी गारदी वाड्यावर येणं इतकं रोजचं झालं होतं, की ते निमित्त कोणाला खोटं वाटलं नाही.

या सगळ्या गर्दीत धनी पारखून घेण्याचा सर्वांत स्वच्छ नमुना एका परदेशी माणसाचा आहे. बनवा द ब्वान्य हा सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा सैनिक. त्यानं महादजी शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या. चाकरी स्वीकारतानाच त्यानं एक अट घातली होती: इंग्रजांविरुद्ध लढणार नाही. महादजींनी ती मान्य केली. पुढे पलटणींच्या पगारासाठी दुआबातला मुलूख त्याच्याच ताब्यात दिला गेला, म्हणजे वरातीची गरजच उरली नाही. त्याच्या शिपायांना पगार वेळेवर मिळे, आणि त्या काळात ही गोष्ट दूरवर बोलली जाण्याइतकी दुर्मीळ होती. महादजी 1794 मध्ये वारले. द ब्वान्य पुढच्या वर्षाच्या अखेरीस चाकरी सोडून निघाला आणि गावी परतून सुखानं राहिला. काय करणार नाही, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

ज्यांना ती मुभा मिळाली नाही, त्यांची गोष्ट आपल्याला परत काळ्या चबुतऱ्याकडे आणते.

एकोणिसाव्या शतकात निजामाचं सरकार हे दख्खनेतलं सर्वांत मोठं थकबाकीदार होतं. अरब आणि रोहिले जमादार पगाराच्या बदल्यात तालुकेच्या तालुके गहाण ठेवून घेत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज निजामाच्या खर्चानं उभी राहिली आणि तिच्या पगारासाठी हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीनं भारी व्याजानं कर्जं दिली. ती पेढी बुडाली, कर्ज मात्र वाढत गेलं. शेवटी 21 मे 1853 रोजी तह झाला. या फौजेच्या खर्चासाठी आणि आधीच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभारात गेले. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने असं त्या कंटिंजंटचं बळ ठरलं. शिपायांचा पगार थकला आणि त्यापायी वऱ्हाडासारखा सोन्याचा तुकडा गेला.

तहानंतर स्वारांना पगार नियमित मिळू लागला. पण एक गोष्ट धूसर झाली: आपला धनी कोण? नाव हैदराबादचं, पैसा वऱ्हाडच्या वसुलाचा, हुकूम कंपनीच्या साहेबाचा. सगळं शांत होतं तोवर हा प्रश्न कोणी विचारला नाही.

1857 च्या उन्हाळ्यात तो विचारावा लागला. पहिला रिसाला मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, या शहराच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, छावणीत आला होता. मे महिन्यात मेरठ आणि दिल्लीची बातमी पोचली. जूनमध्ये छावणीत बोलवा उठली की रिसाल्याला उत्तरेकडे, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध न्यायचं ठरलं आहे. स्वारांनी नकार दिला. आपली चाकरी दख्खनपुरती आहे, निजामाच्या मुलखाबाहेर आपण जाणार नाही आणि बादशहाविरुद्ध लढणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. त्यामागे धर्म होता, बादशहाविषयीची निष्ठा होती, फिरंग्यांविषयीचा साठलेला राग होता. आणि त्याच बोलण्यात शिलेदाराचा पिढ्यान्पिढ्यांचा हक्कही होता: ठरलं त्याच्या पलीकडचं काम करणार नाही.

जूनच्या चौथ्या आठवड्यात जनरल वुडबर्न पुण्याकडून गोरी पलटण, मुंबईचं देशी पायदळ आणि तोफा घेऊन आला. रिसाल्याला मैदानावर उभं केलं गेलं. कॅप्टन ॲबट आपल्याच स्वारांपुढे बोलू लागला तेव्हा रांगेतून त्याला खोटं पाडणारे आवाज उठले. रांगेत हुकूम मानणारेही मिसळलेले असल्यानं तोफा लगेच डागल्या गेल्या नाहीत. त्या गोंधळात काहींनी घोड्यांना टाच मारली. बाकीचे पकडले गेले. दफेदार मीर फिदा अलीनं ॲबटवर पिस्तूल झाडलं होतं. त्याचा खटला तिथल्या तिथे चालला आणि त्याला फाशी झाली. पुढच्या दिवसांत कोणी गोळीनं मेले, कोणी तोफेच्या तोंडी गेले. कामाची हद्द सांगणाऱ्या माणसाला इतकी मोठी किंमत मोजावी लागल्याचं उदाहरण या शहराच्या इतिहासात दुसरं नाही, आणि म्हणून त्या जागेपुढे मान झुकते.

रिसाला मात्र टिकला. शिलेदारी पद्धतही टिकली. 1857 नंतर तर हिंदी घोडदळाचा फार मोठा भाग तिच्यावरच उभा राहिला. फरक एवढाच की पूर्वी ज्या प्रश्नांवर शिलेदार एकेकटा भांडत होता, त्यांची उत्तरं आता रिसाल्याच्या नियमांत बसली. भरती होताना स्वार आसामीची रक्कम भरी आणि सोडताना ती परत घेई. घोडं मेलं तर सगळ्यांच्या वर्गणीतून साठवलेल्या चंद्यातून मदत मिळे. औरंगाबादचा तो पहिला रिसाला 1903 नंतर 20 वी डेक्कन हॉर्स म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूडजवळ भाले घेऊन चालून गेला. निजामाच्या मुलखाबाहेर जाणार नाही म्हणणाऱ्या रिसाल्याचं हे पुढचं रूप. त्या महायुद्धात घोडी इतकी मेली की कुठल्याही चंद्याला ती भरून काढता येईनात. 1921 च्या सुमारास शिलेदारी पद्धत बंद झाली.

आज स्वतःचं हत्यार घेऊन काम करणाऱ्यांच्या बाजूनं काही कायदे उभे राहिले आहेत. न्यू यॉर्क शहरात 2017 पासून 800 डॉलर आणि त्यावरच्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे, आणि मुदत ठरलेली नसेल तर काम पुरं झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानं नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करण्याचं बंधन घातलं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. ‘उद्यम’ नोंदणी केलेला एकटा चित्रकार किंवा संगणक-तज्ज्ञसुद्धा त्याच्या आधारे दाद मागू शकतो. धन्याच्या दारात उपाशी बसण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, अशी ही सोय.

तरी काम घेण्याआधीची बोलणी अजून ज्याची त्यालाच करावी लागतात. ‘आधी नमुना करून दाखवा, पुढे खूप काम आहे’ असं सांगणाऱ्याकडे नालबंदीची तयारी नसते. ‘पैसे आमच्या पार्टीकडून आले की लगेच देतो’ ही वरातच, दुसऱ्याच्या वसुलावर काढलेली. ‘एवढं केलंच आहे तर हेही करून टाका’ म्हणणारा हळूहळू ठरलेल्या मुलखाबाहेर नेत असतो. आणि कामाचा हुकूम एकाचा, बिल दुसऱ्याच्या नावावर, मंजुरी तिसऱ्याच्या हातात, असं असेल तर 1853 नंतरच्या रिसाल्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो.

मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्येच निघाली. शिलेदार, बारगीर, नालबंदी, वरात हे सगळे शब्द तिच्यात अकारविल्हे लागून आहेत. छावणीत तो रिसाला मैदानावर उभा होता त्या वर्षी हे शब्द बाजारात रोज बोलले जात होते. त्यातला वरात आता घोड्यावरच्या नवरदेवापुरता उरला आहे, बारगीर आडनावात राहिला आहे, आणि नालबंदी टांग्यांबरोबर गेली. तिच्या जागी क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर आज ऐकू येतो तो शब्द आहे ‘ॲडव्हान्स’.